समोरून १७६०, मागून त्याहून जुनं

विचारणा थोडक्यात अशी. हॅम्पशायरमधल्या एका खेड्यात रस्त्यालगतचं लाल विटांचं जॉर्जियन घर विकायला आहे. कागदावर 'सुमारे १७६०, ग्रेड दोन' असं लिहिलंय, म्हणजे कायद्याने संरक्षित जुनी इमारत. एक मराठी जोडपं ते घ्यायच्या विचारात आहे. समोरून घर देखणं आहे. ओळीने पाच खिडक्या, मधोमध दार. पण वरच्या मजल्यावरच्या दोन खिडक्या विटांनी बुजवलेल्या, मागची बाजू वेडीवाकडी, आणि पुढच्या बैठकीच्या खोलीत गुडघ्याच्या वरपर्यंत ओल. दलाल सांगतो, खिडक्या करापायी बुजवल्या. ओल बघायला आलेला ठेकेदार म्हणतो, भिंतीत रसायन टोचून घ्या आणि आतून सिमेंटचा गिलावा करा. शिवाय खिडक्यांना दुहेरी काच बसवता येईल का, हाही प्रश्न आहेच.

मी पुण्यात शिकलो, काही वर्षं वाड्यांच्या दुरुस्तीत काढली आणि गेली वीसेक वर्षं दक्षिण इंग्लंडमध्ये जुन्या घरांचीच कामं करतो. त्यातून जे कळलं ते सांगतो.

दुसऱ्यांदा घर बघायला जाल तेव्हा पुढच्या दाराने आत शिरू नका. बाजूच्या बोळातून सरळ मागे जा. मागची बाजू वेडीवाकडी दिसते म्हणून तुम्ही नाराज झालात, पण घराची खरी हकिगत तिथेच वाचता येते. खेड्यातली जॉर्जियन घरं पुष्कळदा मुळात जॉर्जियन नसतातच. आत सोळाव्या-सतराव्या शतकाचा ओकच्या लाकडाचा सांगाडा असतो, खांबांच्या मधल्या जागा काठ्या आणि मातीने भरलेल्या असतात, आणि पुढून फक्त विटांची नवी भिंत चढवलेली असते. गावचा वकील, डॉक्टर, चामड्याचा धंदा करणारा किंवा गव्हाला चांगला भाव मिळाल्यामुळे हात मोकळा झालेला शेतकरी, यांना लंडन-बाथमध्ये दिसतं तसं घर हवं असे. पण अख्खं घर पाडून बांधण्याइतका पैसा नसे. मग रस्त्यावरून दिसेल तेवढंच बदलायचं. याला फसवणूक म्हणू नका. लग्नाला जाताना आपण जसा ठेवणीतला कोट घालतो, तसंच ते.

जॉर्जियन म्हणजे १७१४ ते १८३०, ओळीने चार जॉर्ज राजे गादीवर असतानाचा काळ. त्या काळाचा चेहरा सगळा प्रमाणबद्धतेवर उभा आहे. मधे दार, दोन्ही बाजूंना सारख्या खिडक्या, खालच्या उंच, वरच्या थोड्या बुटक्या, माळ्याच्या जवळजवळ चौरस. ही मापं मूळची इटलीतली, वास्तुकार आंद्रेआ पॅलाडिओची. ती इंग्लंडमध्ये आधी बड्या जमीनदारांच्या घरांत आली. विल्टशायरमधलं विल्बरी हाऊस हे त्या पद्धतीच्या अगदी सुरुवातीच्या घरांपैकी एक. आपल्याला त्याची ओळख वेगळ्या कारणाने हवी. पेशव्यांच्या दरबारात इंग्रजांचा रेसिडेंट म्हणून राहिलेल्या चार्ल्स मॅलेटने मायदेशी परतल्यावर तेच घर घेतलं. असो. खेड्यातल्या गवंड्याने पॅलाडिओचं नाव ऐकलं असेलच असं नाही. त्याच्याकडे नमुन्यांची छापील पुस्तकं असायची. त्यात दाराची कमान, खिडकीची चौकट, कंगोरे, सगळं मापांसकट काढलेलं. तो त्यातला नमुना उचलायचा आणि गावच्या विटेत किंवा दगडात बसवायचा. म्हणून हीच रचना कॉट्सवोल्ड्समध्ये मधाच्या रंगाच्या चुनखडीत दिसते, नॉरफोकमध्ये गारगोटीच्या भिंतीत, आणि तुमच्या हॅम्पशायरमध्ये लाल विटेत.

आता विटा बघा. समोरच्या भिंतीत प्रत्येक थरात एक वीट लांबीने, तिच्या शेजारची टोकाने, पुन्हा एक लांबीने, अशी रचना दिसेल. तिला फ्लेमिश बाँड म्हणतात. टोकाने लावलेल्या विटा निळसर-करड्या, चकाकणाऱ्या असतील तर हात लावून बघा. भट्टीत आगीच्या जवळ राहिल्याने त्यांना काचेसारखा थर चढलेला असतो, आणि या भागातल्या गवंड्यांना त्यांची चौकड्यांची नक्षी काढायची हौस होती. मागे गेलात की नक्षी संपते, थर कसेही पडतात, मधेच लाकडाचा खांब डोकावतो. खिडक्यांवरच्या सपाट कमानीही बघा. समोर मऊ विटा घासून, पाचरीच्या आकारात कापून, केसाएवढ्या दरजेत बसवलेल्या. मागे नुसती लाकडाची आडवी तुळई. एकाच घरात दोन भाव लागलेले आहेत.

विटेची जाडीही मोजा. १७८४ साली अमेरिकेतल्या युद्धाचं कर्ज फेडायला सरकारने विटांवर हजारामागे कर बसवला. कर नगावर असल्याने विटा मोठ्या होऊ लागल्या, म्हणून पुढे मोठ्या विटेवर जादा कर आला. १८५० साली तो सगळाच उठला. अडीच इंचाच्या आसपासच्या विटा असतील तर १७६० ही तारीख पटते. तीन इंचाच्या असतील तर मी थोडा विचारात पडेन. याने तारीख पक्की होत नाही, कारण भट्टीगणिक साचा वेगळा असायचा. पण दलालाला दोन प्रश्न विचारायला तेवढं पुरे.

बुजवलेल्या खिडक्यांची गंमत याहून मोठी आहे. खिडक्यांवरचा कर खरा होता. १६९६ साली सुरू झाला आणि १८५१ साली उठला. सुरुवातीला दहापेक्षा जास्त खिडक्या असणाऱ्या घरांना जादा भरावा लागे, १७६६ पासून ही मर्यादा सातवर आली. लोकांनी खिडक्या बुजवल्या हेही खरं. पण इंग्लंडमधली प्रत्येक बंद खिडकी करामुळेच बंद झाली ही समजूत पर्यटकांना सांगण्यापुरतीच ठीक आहे. पुष्कळ खिडक्या जन्मतःच आंधळ्या असतात. समोरची रांग सारखी दिसायला पाच खिडक्या हव्यात, पण एकीच्या मागे धुराडं येतं, दुसरीच्या मागे दोन खोल्यांमधली भिंत. मग गवंडी तिथे खिडकीचा कोनाडा करतो, उंबरा-कमान सगळं देतो आणि आत वीट भरतो. काही ठिकाणी त्या विटेवर काळा रंग देऊन पांढऱ्या पट्ट्या ओढतात, म्हणजे लांबून तावदानं वाटावीत.

ओळखायचं कसं? कोनाड्याच्या कडेला बघा. आतल्या विटा बाजूच्या भिंतीच्या विटांत गुंतलेल्या असतील, तर दोन्ही एकाच वेळी बांधलं. कडेने खालपासून वरपर्यंत सरळ उभी फट असेल, विटेचा रंग वेगळा असेल, तर नंतर बुजवलं. मग आत जाऊन त्याच जागी भिंत ठोका. आतून मिटायच्या लाकडी झडपांची पेटी अजून तिथे असेल, तर ती एकेकाळी खरीच खिडकी होती.

आणि नंतर बुजवलेली असली तरी कारण करच असेल असं नाही. तुमच्याच काउंटीत चॉटन गावात कादंबरीकार जेन ऑस्टिनचं घर आहे. १८०९ ते १८१७ ती तिथे राहिली. साधं लाल विटांचं घर, त्याआधी तिथे खानावळ चालत असे. घर अगदी रस्त्याला लागून, गाड्यांची सारखी ये-जा. तिच्या भावाने कुटुंबाला ते घर दिलं तेव्हा बैठकीची रस्त्याकडची खिडकी बुजवली आणि बागेच्या बाजूला टोकदार गॉथिक कमानीची नवी काढून दिली. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी आत डोकावू नये, एवढंच कारण. सुट्टीच्या दिवशी जाऊन बघाच, घर १९४९ पासून लोकांना खुलं आहे. तिथून जवळच सेलबोर्नला निसर्गअभ्यासक गिल्बर्ट व्हाइटचं घर, 'द वेक्स'. ते घर तर पिढ्यान्‌पिढ्या तुकड्यातुकड्याने वाढलेलं. मोठा दिवाणखाना त्याने १७७७ साली जोडला. एका दुपारी ही दोन घरं पाहिलीत की तुमच्या घराची मागची बाजू वेडीवाकडी का, हे मला समजावून सांगावं लागणार नाही.

खिडक्यांवर थोडा थांबतो, कारण दुहेरी काचेचा प्रश्न इथेच येतो. जॉर्जियन खिडकी वर-खाली सरकते. काचेच्या दोन सरकत्या झडपा, बाजूच्या पोकळ पेटीत दोरीला टांगलेली शिशाची किंवा बिडाची वजनं, वर कप्पी. वजन बरोबर असेल तर लहान मूलही एका हाताने ती उचलतं. झडपांच्या खालच्या-वरच्या कोपऱ्यांना शिंगासारखी टोकं दिसली तर ती झडप बहुधा व्हिक्टोरियन काळातली. काचा मोठ्या नि जड झाल्यावर सांध्यांना आधार म्हणून ती टोकं आली. तावदानांमधल्या लाकडी पट्ट्या शतकाच्या सुरुवातीला दीड इंचापर्यंत जाड असत, शेवटी शेवटी अर्ध्या-पाऊण इंचावर आल्या. खिडकीची चौकट भिंतीच्या बाहेरच्या पृष्ठभागापासून किती आत आहे तेही बघा. आगीच्या भीतीने लंडनमध्ये १७०९ च्या कायद्याने चौकट चार इंच आत घ्यायला लावली आणि १७७४ च्या कायद्याने पेटी विटेमागे लपवायला. खेड्यात हा कायदा लागू नव्हता. तिथे तो फॅशन म्हणून पोहोचला, तोही सावकाश.

काचेकडे तिरकस नजरेने बघा, आकाशाचं प्रतिबिंब पडेल अशा बेताने. प्रतिबिंब हलकं लहरत असेल, त्यात वर्तुळाचे पुसट चाप दिसत असतील, तर ती फुंकून आणि गरगर फिरवून केलेली जुनी काच. १७४६ पासून १८४५ पर्यंत काचेवर वजनाने कर होता, त्यामुळे ती पातळही असते. अशी काच आज नव्याने तितक्या सहज मिळत नाही. ती काढून दुहेरी काच लावायला परवानगी मिळेल अशी आशा मी ठेवणार नाही, आणि खरं सांगायचं तर मिळूही नये. अर्ध्या इंचाची पट्टी दुहेरी काचेची जाडी पेलत नाही. मग पट्ट्या जाड कराव्या लागतात आणि घराचे डोळे सुजल्यासारखे दिसतात. त्याऐवजी तीन गोष्टी करा. चांगल्या सुताराकडून सरकत्या झडपा दुरुस्त करून कडांना ब्रशच्या पट्ट्या बसवून घ्या, कारण गारठा काचेतून येतो त्याहून जास्त फटींतून येतो. आतल्या घडीच्या लाकडी झडपा रंगाने चिकटून बसल्या असतील तर त्या सोडवा आणि रात्री लावा. त्या शोभेसाठी केलेल्याच नव्हत्या. तरीही थंडी वाटली तर आतून वेगळी, काढता येईल अशी दुसरी काच बसवा. ही बसवायला सहसा फारशी अडचण येत नाही, तरी आधी विचारून घ्या.

आता ओल. इथे मी सविस्तर लिहिणार, कारण याच मुद्द्यावर लोक हजारो पौंड घालवून घर आणखी बिघडवतात.

तुमची समोरची भिंत भरीव आहे, नऊ इंच किंवा साडेतेरा. मधे पोकळी नाही, पायात ओल अडवणारा थर नाही. तो असायला हवा होता असंही नाही. ही भिंत पावसात थोडं पाणी घेते आणि ऊन-वारा मिळाला की सोडते. विटांमधला चुना विटेपेक्षा मऊ आणि सच्छिद्र असतो, म्हणून पाणी दरजेतून बाहेर पडतं. दरज झिजते, वीट टिकते. शे-सव्वाशे वर्षांनी गवंडी येतो आणि दरजा परत चुन्याने भरतो. वाड्याच्या विटकामातही हाच हिशेब होता. चुन्याच्या घाण्यात मळलेला चुना आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिलेला आहे.

मग विसाव्या शतकात कोणीतरी येऊन दरजा सिमेंटने भरतो. पोर्टलँड सिमेंटचं पेटंटच १८२४ चं आहे, म्हणजे तुमच्या घराने त्याआधी साठेक वर्षं त्याच्याविना काढली होती. सिमेंट कडक आणि बंद. पाण्याला बाहेर पडायची वाट विटेतूनच उरते. हिवाळ्यात तेच पाणी विटेत गोठतं, फुगतं आणि विटेचा पुढचा पापुद्रा उडतो. समोरच्या भिंतीत दरजेची चौकट पुढे आलेली आणि वीट आत खोबणीसारखी खाल्लेली दिसली, तर निदान तिथेच झालं. आतून त्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केलात की दुसरी वाटही बंद. मग ओल वर चढते. आज गुडघ्यावर आहे ती पाच वर्षांनी खिडकीच्या उंबऱ्याला लागेल आणि लाकडी तुळयांची टोकं कुजायला लागतील.

ठेकेदाराने दोन सुयांचं यंत्र भिंतीला टेकवून लाल दिवा दाखवला असेल. ते यंत्र लाकडासाठी आहे. वीज किती वाहते ते मोजतं, आणि लोणा लागलेल्या भिंतीत क्षार असल्याने ती कोरडी असतानाही आकडा चढतो. मी इंग्लंडमध्ये नवा होतो तेव्हा असाच आकडा पाहून एका घरात रसायन टोचायला मान हलवली होती. दोन वर्षांनी ओल तिथेच होती. शेवटी सापडलं काय, तर वरची पन्हळ फुटलेली. पुण्यात असतो तर पहिल्या पावसातच वर बघितलं असतं. इथे यंत्रावर विश्वास टाकला.

तेव्हा आधी साध्या गोष्टी. अडीचशे वर्षांत रस्त्यावर थरावर थर पडले आहेत, आतली जमीन मात्र आहे तिथेच. बाहेरची पातळी आतल्यापेक्षा वर गेली असेल तर ओलीचं मूळ तिथेच. घरापुढची जागा तुमची असेल तर भिंतीलगतची माती खाली उतरवा, चर खणून पाणी बाजूला काढा. पन्हळी आणि उभे नळ तपासा. खालच्या लाकडी जमिनीखाली वारा खेळण्यासाठी भिंतीत जाळीच्या विटा असतात. त्या कोणी बुजवल्यात का, त्यांच्यापुढे फुलांचा वाफा केलाय का, ते बघा. मग सिमेंटच्या दरजा काढायच्या, त्याही छिन्नी-हातोड्याने. फिरत्या पात्याच्या यंत्राने काढल्या तर विटांच्या कडा जातात आणि त्या परत येत नाहीत. दरजा चुन्याने भरायच्या, आतला गिलावा चुन्याचा, त्यावर चुन्याचाच किंवा तितकाच मोकळा रंग.

यानंतर थांबायचं. भिंत वाळायला जाडीच्या इंचामागे एक महिना धरा. नऊ इंचांच्या भिंतीला नऊ महिने. ठेकेदाराच्या वीस वर्षांच्या हमीपुढे हा सल्ला फिका वाटतो, मला कल्पना आहे. चुन्याचं काम वसंत ते शरद एवढ्यातच उरका. पाच अंशांच्या खाली चुना धरत नाही आणि कोवळ्या चुन्याला गोठण लागली की तो भुगा होऊन पडतो. पुण्यात आम्ही ओली पोती टांगायचो ती उन्हाने चुना लवकर सुकू नये म्हणून. इथे तीच पोती टांगतो, थंडीपासून वाचवायला.

कायद्याचं थोडक्यात. ग्रेड दोन म्हणजे सगळ्यात खालचा दर्जा, इंग्लंडमधल्या नोंदलेल्या इमारतींपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त त्यातच येतात. पण खालचा म्हणजे सैल नव्हे. आतला जिना, कंगोरे, झडपा, मागचं वेडंवाकडं छप्पर, सगळंच संरक्षित. नोंदीत फक्त समोरचं वर्णन असलं तरी. परवानगीशिवाय घराचं रूप बदलणं हा गुन्हा आहे. आधीच्या मालकाने चोरून केलेलं काम पूर्ववत करायची नोटीस आजच्या मालकावर येऊ शकते, आणि त्याला मुदतीची मर्यादा नाही. म्हणून आत कुठे भिंत काढलेली दिसली, तर ती कोणी, कधी आणि कोणत्या परवानगीने काढली, ते तुमच्या वकिलाला लेखी विचारायला सांगा. परवानगीच्या अर्जाला फी नाही, तेवढाच दिलासा.

छपराकडे मात्र स्वतः जा. या घरांत समोरचा विटांचा कठडा छप्पर लपवतो, आणि मागे पुष्कळदा दोन दुपाखी छपरं शेजारी-शेजारी असतात. त्यांच्या मधली शिशाची पन्हळ ही घराची सगळ्यात नाजूक जागा. एक कबुतराचं घरटं पुरतं. भर पावसात जाऊन, विजेरी घेऊन माळ्यावर चढा आणि तिच्या बरोबर खालचं लाकूड हाताने चाचपा.

वर आहातच तर वाशांवरही प्रकाश टाका. भोकं आणि रिकाम्या खाचा दिसल्या की कोणीतरी सांगेल, ही जुन्या जहाजाची लाकडं. बहुतेक वेळा ती नुसती जुन्या घराची लाकडं असतात, दुसऱ्यांदा वापरलेली. सुतारांनी जोडणीसाठी कोरलेले रोमन आकडे दिसतील, ते कागदावर उतरवून घ्या. आणि सगळ्यात जुने वासे काळेकुट्ट, बोटाला काजळी लागेल असे असतील, तर त्या जागी कधीतरी धुराडंच नव्हतं. मधोमध उघडी चूल पेटायची आणि धूर सरळ छपरात जायचा. म्हणजे तुमचं १७६० चं घर निदान दोनशे वर्षांनी मागे गेलं. तसं निघालं तर ताबडतोब कळवा. आणि ती काजळी पुसून काढू नका. तीही ग्रेड दोनमध्येच मोडते.